आजीच्या वर्षश्राद्धाला स्मरणिका काढायची आहे, माहिती आणि फोटो कसे लावावेत?

लालबागकरीण:
आजीचं वर्षश्राद्ध येत्या अश्विनात आहे, म्हणजे हातात तीन महिने. त्या दिवशी नातेवाइकांना छोटी स्मरणिका द्यायची आहे, चाळीसेक पानं, ६० प्रती. तिचा जन्म राजापूर तालुक्यातला, लग्नानंतर सगळा संसार लालबागच्या चाळीत. जन्मसाल कोणी १९२९ सांगतं, कोणी १९३१, रेशनकार्डावर तिसरंच. सत्तरेक फोटो आहेत, बरेचसे चिकट पानांच्या अल्बममध्ये, दोन फ्रेमच्या काचेला चिकटलेले. तिच्या धाकट्या बहिणीला आणि नणंदेला पुष्कळ आठवतं, पण कुठल्याच गोष्टीचं साल नाही. तिच्या हातचे पदार्थही द्यायचे आहेत, पण तिचं माप म्हणजे वाटी आणि मूठ. सुरुवात कुठून करू?

सनावळी:
ताई, आधी सालांचा तक्ता करा, लिखाण नंतर. नाहीतर 'प्रेमळ, कष्टाळू, सोशिक' या तीन शब्दांत चाळीस पानं संपतात आणि आजी त्यात कुठेच दिसत नाही.

रेशनकार्डावरचं वय बहुतेक वेळा अंदाजाने सांगितलेलं असतं, त्यावर विसंबू नका. गावच्या शाळेत जनरल रजिस्टर असेल, त्याचा प्रवेश-निर्गम उतारा मागा. नाव माहेरचं शोधायचं. आडनावाच्या जागी कधी नुसतं वडिलांचं नाव असतं, म्हणून तेवढ्यावरही शोधा. तारीख १ जून निघाली तर ती शाळेत घालताना मास्तरांनी टाकलेली असण्याची शक्यता मोठी. साल त्यातल्या त्यात बरं, दिवस धरू नका. कुणाकडे पत्रिका असेल तर सोनंच. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारी ते फाल्गुन अखेरचा जन्म असेल तर ७९. शके १८५३ चा श्रावण म्हणजे १९३१. तिथीबरोबर वार आठवत असेल तर दोन्ही वर्षांची पंचांगं काढून ताडून पाहा, बहुधा एकच साल उरतं.

बहिणीला आणि नणंदेला 'कोणत्या साली?' असं विचारूच नका. मुंबईच्या खुणा द्या आणि 'त्याच्या आधी की नंतर?' असं विचारा. गोदीतला स्फोट १४ एप्रिल १९४४ चा. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतला फ्लोरा फाउंटनचा गोळीबार २१ नोव्हेंबर १९५५ चा, राज्य झालं १ मे १९६० ला. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. पहाटे घर हललं तो कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. गिरणगावातल्या घराला तर सगळ्यात पक्की खूण म्हणजे १८ जानेवारी १९८२ चा गिरणी संप. कोणतं बाळंतपण संपाआधीचं, कोणतं नंतरचं, हे बायका झोपेतसुद्धा सांगतील.

दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. युद्धातल्या ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळे कागद १९६५ लाही लागले आणि १९७१ लाही, आठवणीत ते एक होतात. तेव्हा घरात कोण तान्हं होतं ते विचारा. दुसरं, 'चार आणे' म्हटलं म्हणून गोष्ट १ एप्रिल १९५७ च्या आधीची ठरत नाही, पंचवीस पैशांना लोक पुढे कित्येक वर्षं चार आणेच म्हणत होते.

बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, फोनखाली घडी घातलेला टॉवेल. एका बैठकीला पाऊण तास पुरे. दोघींना आधी वेगवेगळं बसवा, एकत्र बसल्या की जिचा आवाज मोठा तिचीच आठवण खरी ठरते.

जुनाफोटो:
फोटोंचं काम आत्ता पावसाळ्यात करताय, म्हणून सांगतो. अल्बम कोरड्या दिवशीच उघडा आणि खोलीत फोटो पसरून रात्रभर ठेवू नका. दमट हवेत बुरशी धरते आणि ओलसर फोटो एकमेकांना चिकटतात.

काचेला चिकटलेला फोटो ओढायचा नाही. वरचा थर काचेवरच राहतो आणि नेमका चेहरा जातो. काच बाहेरून पुसून काचेसकट स्कॅन करा. चिकट पानावरचा फोटो मेण नसलेल्या डेंटल फ्लॉसने, कोपऱ्यातून करवतीसारखा हळूहळू सरकवत सोडवा. अडला तर थांबा आणि पानासकट स्कॅन करा. हेअर ड्रायर नको, फोटो वाकतो.

साधा फोटो ६०० डीपीआयला (स्कॅनरमधलं बारकाईचं माप) स्कॅन करा, लग्नाचा ग्रूप फोटो १२०० ला. त्यात आजीचा चेहरा नखाएवढा असतो, तो वेगळा काढता यायला हवा. मूळ फाईल टिफमध्ये (TIFF, दर्जा न घटवणारा फाईलप्रकार) ठेवा. नातेवाइकांकडून फोटो व्हॉट्सॲपवर मागवाल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर दाबून लहान झालेली फाईल येते आणि छपाईत चेहरा पुसट होतो. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का असतो, कधी तारीख असते. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनचा ठसा पुढे उमटतो.

प्रूफवाचक:
छपाईपुरतं. सेंटर पिन बाइंडिंगला (मधल्या घडीत पिना मारतात ते) पानांची संख्या चारच्या पटीत लागते, ४० बसतात. कव्हरची चार त्यात धरली आहेत का, ते प्रेसला आधी विचारा. आतला कागद १०० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा, चालेल, फोटोंची पानं १३० च्या चकचकीत आर्ट पेपरवर, आणि ती पुस्तिकेच्या मधोमध एकत्र ठेवा. ६० प्रती ऑफसेटला परवडत नाहीत, डिजिटलच करा. मजकूर युनिकोडमध्ये द्या. डीटीपीवाला जुन्या फाँटमध्ये फिरवतो तेव्हा 'दुसऱ्या', 'वऱ्हाड' यातला र आणि जोडाक्षरं बिघडतात, म्हणून फाँट फिरवल्यानंतरच्या पीडीएफवरच प्रूफ वाचा. नावं आणि नाती दोघांनी वेगवेगळी तपासा, गळलेल्या सुनेचं नाव कोणी विसरत नाही. आणखी एक, वर्षश्राद्ध तिथीने येतं, गेल्या वर्षीच्या तारखेला नाही. पंचांगात तारीख पाहून प्रेसला त्याच्या तीन आठवडे आधीची मुदत द्या, त्या दिवसांत मुंबईतले प्रेस दिवाळी अंकांनी भरलेले असतात.

लालबागकरीण:
खूप आभार! वाटी-मुठीचं काय करू? तिची पितळी वाटी घरात आहे.

सनावळी:
मग अर्धं काम झालंच. वाटी वजनकाट्यावर ठेवून शून्य करा, काठापर्यंत पाणी भरा, जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. ती सपाट भरायची की शिगोशिग, हे नणंदेला विचारा, तांदळाच्या पिठात तेवढ्याने बराच फरक पडतो. मुठीसाठी नणंदेच्याच हाताने पाच मुठी घेऊन वजन करा आणि पाचाने भागा. हात आजीएवढाच असलेली कोणी असेल तर तिला बसवा. मसाल्याच्या मिरच्या मात्र नगावर लिहू नका, वजनावर लिहा आणि जातही लिहा, बेडगी आणि संकेश्वरी यांच्या तिखटपणात खूप अंतर आहे.