दक्षिण स्पेनमध्ये पारंपरिक खाणेपिणे कोठे करावे?

प्रश्न: सेव्हिया आणि मालागा येथे चार दिवस मुक्काम आहे, पर्यटकांसाठी थाटलेली हॉटेले टाळून स्थानिक लोक जेथे जेवतात अशी ठिकाणे कृपया सुचवावीत.

उत्तर १: सेव्हियातील 'एल रिंकोन्सियो' हे १६७० पासूनचे मद्यालय चुकवू नये. पर्यटक तेथेही येतातच, परंतु वाढपी अजूनही हिशेब खडूने थेट लाकडी फळीवर, आपल्या ताटलीशेजारीच, मांडतो. पालक-चण्याची भाजी जरूर मागवावी; शाकाहाऱ्यांना तर ती वरदानच आहे.

उत्तर २: मालागात एल पालोच्या किनाऱ्यावर, वाळू भरलेल्या होडीत विस्तव पेटवून, काडीत ओवलेले सार्डिन मासे त्याच्या धगीवर भाजतात. ते उन्हाळ्यातच खावेत, कारण तेव्हा ते चांगले तेलकट असतात.

उत्तर ३: ग्रानादाला जाणे जमल्यास पेयाबरोबर 'तापा' म्हणजे तोंडी लावण्याच्या खाण्याची छोटी ताटली बहुतेक ठिकाणी फुकट येते.