हाँगकाँगमधला 1980 चा इमिग्रेशन कायदा: गरज की अतिरेक?

पाणवठा (धागाकर्ता)
वसाहतींतल्या आशियाई लोकांना अडवणाऱ्या कायद्यांचा विषय निघाला की आपण थेट दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालला पोचतो. गांधीजी, परवान्यांची होळी वगैरे. ब्रिटिशांची वसाहत असलेल्या हाँगकाँगकडे फारसं कुणी बघत नाही. 1974 ते 1980 तिथे 'टच बेस' नावाचं अजब धोरण होतं. आपल्या खांबखांबोळीसारखं! चीनची हद्द ओलांडताना सापडलात तर माघारी, पण शहरात नातलगांपर्यंत पोचलात तर राहायची परवानगी नि ओळखपत्र. मग काय, पोरं रात्री खाडी पोहून यायची आणि हद्दीवर गुरखा पलटणी गस्त घालायच्या. एकट्या 1979 मध्ये सुमारे 90 हजार जण पकडले गेले. न सापडलेले वेगळेच.
23 ऑक्टोबर 1980 ला गव्हर्नर मॅकलेहोज यांच्या सरकारने इमिग्रेशन कायदा बदलून हे धोरण बंद केलं. आत असलेल्यांना नोंदणीसाठी तीन दिवस, त्यानंतर सापडेल त्याची रवानगी. 15 वर्षांवरच्या प्रत्येकाने ओळखपत्र जवळ बाळगायचं, पोलीस किंवा इमिग्रेशन अधिकाऱ्याने मागितलं की दाखवायचं. बिनकागदाच्या माणसाला कामावर ठेवलं तर मालकालाही शिक्षा. मला हे योग्य वाटतं. हजारेक चौरस किलोमीटर जागा, त्यात निम्म्याहून जास्त डोंगर, आणि 50 लाख माणसं. दार कधीतरी लावावंच लागतं.

मोडीवाचक
दार लावण्याबद्दल तक्रार नाही, पाणवठाराव. पण सहा वर्षं ते किलकिलं ठेवलं कुणी? कारखान्यांना हात हवे होते तेव्हा हीच माणसं चालली.
आणि दिलेल्या शब्दाचं काय? मकावमार्गे (शेजारची पोर्तुगीज वसाहत) आलेला एन्ग युएन शिऊ नावाचा माणूस होता, छोट्याशा कपड्याच्या कारखान्यात त्याची भागीदारी होती. घोषणेनंतर मकावहून आलेले काही जण गव्हर्नमेंट हाऊसवर, म्हणजे गव्हर्नरच्या निवासस्थानी गेले. तिथे सांगण्यात आलं की तुमच्या मुलाखती होतील, प्रत्येकाचं प्रकरण स्वतंत्र तपासू. दुसऱ्या दिवशी हा हजर झाला तर अटक, आणि बाजू न ऐकताच रवानगीचा हुकूम. 1983 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (वसाहतींसाठीचं शेवटचं अपील न्यायालय) हुकूम रद्द केला: ऐकून घेऊ म्हणालात ना, मग ऐका. 'रास्त अपेक्षा' या तत्त्वासाठी आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही या निकालाचा आधार घेतलाय.

पाणवठा
पण राहायचा हक्क काही दिला नाही कौन्सिलने! फक्त सुनावणी घ्या म्हटलं. नीट चौकशी करून पुन्हा हुकूम काढायला सरकार मोकळं होतं.

चौपाटीकर
आठ वर्षं तिथे नोकरी केली. रस्त्यात दोनदा कार्ड मागितलं, बघून परत दिलं. अर्धं मिनिट. त्याच कार्डावर वाचनालयाची पुस्तकं आणायचो. लोकांना उगाच सगळीकडे जुलूम दिसतो.

मोडीवाचक
@चौपाटीकर, खिशात कार्ड असलेल्याला अर्धं मिनिट. नसलेला माणूस त्या भीतीने दवाखान्यात जात नाही, मालकाने पगार बुडवला तरी बोलत नाही. मालकाला शिक्षा ठेवलीय हे कागदावर ठीक, पण रस्त्यात अडवलं कुणाला जातं?

काळाकोट
तुम्ही दोघं ओळखपत्रावरच अडलात. खरा अधिकार कोठडीचा. व्हिएतनाममधून होड्यांनी आलेल्यांना 1982 पासून बंद छावण्यांत ठेवत होते. 16 जून 1988 पासून छाननी सुरू झाली, आणि जो निर्वासित ठरणार नाही त्याला परत पाठवेपर्यंत डांबून ठेवायचं. आता हे 'पाठवेपर्यंत' म्हणजे किती? काही जण मूळचे चिनी वंशाचे. व्हिएतनाम म्हणे हे आमचे नागरिकच नाहीत, घेणार नाही. कायद्यात मुदत लिहिलेली नाही, मग बसा वर्षानुवर्षं छावणीत.
1996 मध्ये ताई आ चाऊ छावणीचं प्रकरण प्रिव्ही कौन्सिलकडे गेलं. निकाल असा: रवानगीसाठी लागेल तेवढाच वाजवी काळ ठेवता येईल, आणि रवानगी होण्यासारखी नसेल तर कोठडी बेकायदा. गंमत म्हणजे हे तत्त्व आलं हरदियाल सिंग या भारतीयाच्या इंग्लंडमधल्या खटल्यातून. पासपोर्टची कागदपत्रं रखडली म्हणून तो तुरुंगात खितपत होता.

पाणवठा
म्हणजे वसाहतीतल्याच कायद्याने सुटका झाली की! माझ्याच बाजूचा मुद्दा मांडलात, वकीलसाहेब.

काळाकोट
सुटका कायद्याने नाही, निकालाने झाली. तीसुद्धा खालच्या न्यायाधीशाने सोडा म्हटल्यावर सरकार अपिलात जिंकलं, मग लंडनपर्यंत जाऊन. 1988 ते 1996 मोजा. छावणीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये तिमजली बाकड्यांवर जन्मलेलं पोर तोवर शाळेच्या वयाचं झालं होतं.

चौपाटीकर
हे छावण्यांचं मला माहीत नव्हतं. ओळखपत्राबद्दलचं मत मात्र तेच आहे.