ट्रेलर, स्वतःची गाडी की गल्फ? लाईनच्या ड्रायव्हरांचा सल्ला किती धरायचा

अंबडची_आयशर
नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतून आयशर ट्रक चालवतो, जास्त करून पुणे नाहीतर भिवंडी. पगार वेळेवर होतो पण वाढायचं नाव नाही आणि घरी आता लग्नाचं बघताय, म्हणून पुढं काय करावं ते लाईनच्या माणसांना विचारत सुटलो तर जेवढी तोंडं तेवढे सल्ले. आडगावला ट्रक टर्मिनलवर एक ओळखीचा आहे तो म्हणतो ट्रेलर पकड, न्हावा शेवा पोर्टची लाईन, महिन्याला चाळीस हजार हातात पडतात. गावचा एक अण्णा म्हणतो नोकरीत काय ठेवलंय, सेकंडहँड दहा टायर ट्रक घे फायनान्सवर. तिसरा सौदीत आहे, तो रोज स्टेटसला एसी केबिनचे फोटो टाकतो आणि म्हणतो ये इकडं. तिघं पण जुने ड्रायव्हर, खोटं बोलतील असं वाटत नाही. मग कुणाचं धरायचं आणि ते खरं का नाही हे बघायचं कसं?

कसारा_उतार
भाऊ, खोटं कोणीच बोलत नसेल, पण "हातात पडतात" म्हणजे काय ते आधी विचार. आपल्याकडं पगार वेगळा, भत्ता वेगळा आणि ट्रिपची खर्ची वेगळी. खर्चीतून जेवण, वराई (माल चढवा-उतरवायची हमाली), पंक्चर, रस्त्यावरचं देणंघेणं भागवून जे उरतं ते ड्रायव्हरचं, वर अॅव्हरेज चांगला काढला तर डिझेलचं थोडं सुटतं. बरेच जण हे सगळं मिळून आकडा सांगतात आणि रस्त्यात खाल्लेलं वजा करायचं विसरतात. दुसरं म्हणजे कोणत्या महिन्याचा आकडा. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाचा सीझन, पिंपळगाव-दिंडोरी पट्ट्यातून रीफर (थंड ठेवणारे) कंटेनर पोर्टला धावतात तेव्हा गाडीला उसंत नसते. जुलै-ऑगस्टमध्ये तोच माणूस काय कमावतो ते विचार. आणि पोर्टला नाहीतर यार्डात गाडी दोन दोन दिवस उभी राहते, त्याचं हॉल्टिंग (उभ्या गाडीचे पैसे) ड्रायव्हरला मिळतं का शेठ ठेवतो? हिशोबाची डायरी प्रत्येकाकडं असते, मागच्या दोन-तीन ट्रिपांची पानं बघू दे म्हण. जो दाखवतो त्याचं ऐक.

मुनीमजी_सिन्नर
मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसतो, टेबलाच्या ह्या बाजूचं सांगतो. आमच्याकडं कुणी ड्रायव्हर आणून दिला की त्याला थोडेफार पैसे मिळतात, हे तर सगळ्यांना माहिती. दुसरी गोष्ट कोणी बोलत नाही. ज्याने शेठकडून मोठी उचल (आगाऊ पैसे) घेतलीय त्याला गाडी सोडायची असली तर शेठ म्हणतो बदली माणूस दे मग बोलू. मग तो नाक्यावर येऊन त्याच गाडीचं असं कौतुक करतो की ऐकणाऱ्याला वाटावं हा स्वतः ती कधीच सोडणार नाही. नोकरीची तारीफ करणारा तिथंच राहणार आहे का निघायच्या तयारीत आहे, एवढं कळलं तरी अर्धं काम झालं. त्याच गाडीवरून आधी उतरलेला एखादा माणूस शोध आणि त्याला विचार, तो पण रागात वाढवून सांगेल पण दोघांच्या मधलं तुला दिसेल.

पीएफ कापतात असं म्हणाला तर मोबाईलवर यूएएन (पीएफचा नंबर) टाकून पासबुक दाखव म्हण, एका मिनिटाचं काम आहे. वीस किंवा जास्त माणसं असली की पीएफ लागू होतो, चार गाड्यांच्या मालकाकडं तो नसणारच, त्यात मालकाची चूक नाही.

दहा_टायर_मालेगाव
अण्णांनी स्वतःची गाडी कधी घेतली आणि कधी विकली ते विचार आधी. २०१८ ला सरकारने एक्सल लोड (गाडीत भरायच्या वजनाची मर्यादा) वाढवला तेव्हा आहे त्याच गाड्यांत जास्त माल बसायला लागला, मग भाड्याचं काय झालं ते ज्यांच्या अंगावर हप्ता होता त्यांना विचार. नंतर एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम, बीएस सहा, आता सेन्सर बोंबलला की गाडी दम सोडते आणि फिटरच्या आधी लॅपटॉपवाला बोलवावा लागतो, धूर साफ करायला टाकायच्या युरियाचा खर्च वेगळाच. ज्याने त्याआधीच गाडी विकून मळा केला त्याचा अनुभव खरा आहे पण तो त्या काळाचा. जुनी घेणार असशील तर आरसीवरची तारीख बघ, गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी, आणि मल्टीअॅक्सलला (दोनपेक्षा जास्त अॅक्सल, दहा टायर त्यातच) १५ वर्षांनंतर नॅशनल परमिट नाही. स्वस्त दहा टायर स्वस्त का आहे ते तिथं कळतं.

माझी आहे अजून, विकणार नाही. पण रिटर्न भाडं तुझ्या ओळखीचं नसेल तर घेऊ नको.

निफाडची_सून
मी ड्रायव्हर नाही, पण आमचे हे सौदीला ट्रेलरवर होते म्हणून लिहिते. स्टेटसवर केबिन दिसते दादा, पगाराची स्लिप दिसत नाही. त्यांना सरळ सांगा, पहिल्या वर्षीचा करार पाठवा. इथलं लायसन्स तिथं जसंच्या तसं चालत नाही, तिथलं काढावं लागतं, त्याचा खर्च कोण करणार आणि तोपर्यंत पगार मिळणार का हे करारात हवं. एजंटचं नाव ईमायग्रेटच्या सरकारी साईटवर आहे का बघा. नोंदणी असलेल्या एजंटला ३०,००० रुपये अधिक जीएसटी याच्यावर फी घेता येत नाही. लाखाची भाषा करणारा असेल तर तो कितीही जवळचा असू दे, फोन ठेवा. आणि नात्यातल्याला हे विचारायला लाजू नका, आम्ही लाजलो नाही म्हणून नीट झालं.

चहा_विदाऊट
सगळ्यांचं बरोबर आहे पण एवढी पोलीसगिरी केली तर नाक्यावर कोण बोलेल तुझ्याशी? टपरीवर चारचौघांत विचारलं की प्रत्येक जण राजा असतो. तोच माणूस अनलोडिंगला नंबर लागायची वाट बघत केबिनमध्ये एकटा बसलाय तेव्हा विचार, घरच्या हप्त्यापासून सगळं सांगतो.

अजून एक, ड्रायव्हरला कशातलं कळतं ते बघून ऐकायचं. कुठल्या कंपनीत गाडी अडकवतात, कुठला शेठ डिझेलवरून भांडतो, रात्री कुठं थांबायचं, यात त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेव. (ते पण ताजं असलं पाहिजे, ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाला तरी काही जण अजून जुन्या कसारा घाटाच्याच टायमिंगवर हिशोब सांगतात.) पण लायसन्सचं आणि कायद्याचं नाक्यावर विचारू नको. मला परवा परवापर्यंत लोक सांगत होते हेवी लायसन्सला आठवी पास लागते, ती अट २०१९ लाच गेली. केमिकल टँकरवर जायचं तर वेगळं ट्रेनिंग आणि लायसन्सवर नोंद लागते, तेही कोणी सांगत नाही. पेठ रोडला आरटीओत जा नाहीतर सारथीच्या सरकारी साईटवर बघ.

अंबडची_आयशर
भारी माहिती दिली सगळ्यांनी, आभार. सौदीवाल्याला कराराचं विचारलं, कालपासून दोन निळ्या टिक आहेत फक्त. ट्रेलरवाल्याला फोन केला, तो म्हणाला ये रविवारी डायरी दाखवतो, आणि चाळीसमध्ये भत्ता धरलाय हे न विचारताच बोलला. माणूस बरा वाटला. फक्त तुझ्या अंगावर उचल आहे का हे काही विचारवलं नाही मला.

मुनीमजी_सिन्नर
त्याला नकोच विचारू, वाईट वाटेल. त्याच्या ऑफिसात जाऊन मुनीमला विचार, मी आलो तर मला कोणती गाडी देणार. त्याच्याच गाडीचा नंबर सांगितला तर समज, तो निघायच्या तयारीत आहे.