एम्युलेटरमध्ये ॲप चालते, खऱ्या फोनवर 'नेटवर्क रिक्वेस्ट फेल्ड'

हिंगणा_हॉस्टेल
रिॲक्ट नेटिव्हमध्ये लिहिलेले मोबाइल ॲप आहे, बॅकएंड (सर्व्हरची बाजू) जँगोचा (पायथनची वेब चौकट), पोर्ट ८०००. लॅपटॉपवर विंडोज ११. एम्युलेटरमध्ये (लॅपटॉपवरच्या आभासी फोनमध्ये) १०.०.२.२:८००० वापरून लॉगिन, यादी, फोटो अपलोड सगळे चालते. जँगोच्या अलाउड होस्ट्समध्ये (सर्व्हर ज्या पत्त्यांच्या नावाने उत्तर देतो ती यादी) १०.०.२.२ टाकलेले आहे. फोनसाठी तो पत्ता बदलून लॅपटॉपचा आयपी १९२.१६८.५६.१ टाकला, तर प्रत्येक कॉलला 'नेटवर्क रिक्वेस्ट फेल्ड' येते. फोन अँड्रॉइड १३, केबलने जोडलेला. फोन आणि लॅपटॉप हॉस्टेलच्या एकाच वाय-फायवर आहेत. मेट्रोचे (ॲपचा कोड फोनला पुरवणाऱ्या सर्व्हरचे) बंडल फोनवर बरोबर लोड होते, कोड बदलला की स्क्रीनही लगेच बदलते. म्हणजे नेटवर्क तर ठीकच आहे नं? मग एपीआयच काऊन अडते?

बर्डी_बॅकएंड
भाऊ, बंडल लोड होते यावरून वाय-फाय ठीक आहे असे धरू नका. केबल जोडून रन-अँड्रॉइड चालवले की ते मेट्रोच्या ८०८१ पोर्टसाठी एडीबी रिव्हर्स (फोनचे पोर्ट केबलमधून लॅपटॉपच्या पोर्टला जोडणारी कमांड) स्वतःच लावून देते. बंडल केबलमधून येते आहे, वाय-फायचा त्यात काहीच हात नाही. ८००० साठी तसे कोणी लावलेले नाही.

एम्युलेटरचेही तेच. १०.०.२.२ म्हणजे लॅपटॉपचा स्वतःचा १२७.०.०.१, फक्त एम्युलेटरच्या आतून दिसणारा. त्यामुळे सर्व्हर बाहेरच्यांसाठी बंद असला तरी एम्युलेटरला तो मिळतो.

तुमचा आयपीही चुकला आहे. १९२.१६८.५६.१ हा बहुतेक व्हर्च्युअलबॉक्सच्या ॲडॉप्टरचा असतो. आयपीकॉन्फिग चालवा आणि 'वायरलेस लॅन ॲडॉप्टर वाय-फाय' या मथळ्याखालचाच आयपीव्ही४ घ्या. डब्ल्यूएसएल (विंडोजमधले लिनक्स) असेल तर १७२ ने सुरू होणारा आणखी एक दिसेल, तोही नको.

साधा रनसर्व्हर (जँगोचा चाचणीचा सर्व्हर) फक्त १२७.०.०.१ वर ऐकतो. 'पायथन मॅनेज.पीवाय रनसर्व्हर ०.०.०.०:८०००' असा (म्हणजे लॅपटॉपच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकेल असा) चालवा आणि वाय-फायचा आयपी अलाउड होस्ट्समध्ये घाला. तो राहिला तर जोडणी होईल, पण जँगो ४०० (चुकीची विनंती) परत करेल. मग ॲप बाजूला ठेवून तोच पत्ता आधी लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये उघडा, नंतर फोनच्या. काय दिसते ते लिहा.

हिंगणा_हॉस्टेल
केले. वाय-फायचा आयपी टाकून लॅपटॉपवर पान उघडते. फोनच्या क्रोममध्ये बराच वेळ चक्र फिरते, मग 'टाइम्ड आउट'. रनसर्व्हरच्या खिडकीत एकही ओळ उमटत नाही.

मिहान_नेटवर्क
'टाइम्ड आउट' आणि 'रिफ्यूज्ड' हे दोन वेगळे आजार आहेत. रिफ्यूज्ड म्हणजे समोरच्या मशीनने चक्क नाही म्हटले: तिथवर वाट आहे, त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. टाइम्ड आउट म्हणजे उत्तरच आले नाही, मध्येच कोणीतरी पॅकेट गिळले. लॅपटॉपवर पान उघडते, म्हणजे सर्व्हर बरोबर ऐकतो आहे. उरले दोघे, विंडोजचा फायरवॉल आणि हॉस्टेलचे वाय-फाय.

फायरवॉल आधी पाहा. पायथन पहिल्यांदा बाहेर ऐकायला लागतो तेव्हा परवानगीची खिडकी येते. घाईत तिथे 'कॅन्सल' दाबले की पायथनच्या नावाने ब्लॉकचे रूल बनतात. मग ८००० साठी कितीही परवानग्या द्या, विंडोजमध्ये अलाउपेक्षा ब्लॉक वरचढ राहतो. डब्ल्यूएफ.एमएससी (फायरवॉलच्या रूल्सची खिडकी) उघडा, 'इनबाउंड रूल्स'मध्ये पायथनपुढे लाल खूण असलेले रूल शोधून काढून टाका. मग टीसीपी ८००० साठी नवा अलाउ रूल करा, तोही फक्त 'प्रायव्हेट' प्रोफाइलला. हॉस्टेलचे वाय-फाय 'पब्लिक'च राहू द्या, म्हणजे हा रूल तिथे लागू होणार नाही. तिथे शंभर अनोळखी मशीन असतात, डीबग चालू असलेला जँगो त्यांच्यापुढे उघडा टाकू नये.

पिंग करून निष्कर्ष काढू नका. विंडोज पिंगला मुळातच उत्तर देत नाही, त्यामुळे पिंग फसले तरी पोर्ट चालू असू शकते.

आता वाय-फाय. हॉस्टेल-कॉलेजच्या ॲक्सेस पॉइंटवर 'क्लायंट आयसोलेशन' चालू असते. प्रत्येकाला इंटरनेट मिळते, पण एका यंत्राला दुसरे दिसत नाही. फोनवरून पान उघडायचा प्रयत्न करा आणि लगेच लॅपटॉपवर 'एआरपी -ए' चालवा, त्यात लॅपटॉपला नेटवर्कवर दिसलेल्या यंत्रांची यादी येते. यादीत फोनचा आयपीच नसेल तर बहुतेक हेच आहे, आणि ते तुमच्या हातात नाही. फायरवॉलमध्ये रात्र घालवू नका, केबल आहेच तर तीच वापरा:

एडीबी रिव्हर्स टीसीपी:८००० टीसीपी:८०००

ॲपमधला पत्ता एचटीटीपी://लोकलहोस्ट:८००० करा आणि अलाउड होस्ट्समध्ये लोकलहोस्टही घाला. फोनचे ८००० थेट लॅपटॉपच्या ८००० ला जोडले जाते. मग ०.०.०.० ची गरज नाही, फायरवॉलही वाटेत येत नाही. केबल निघाली की जोडणी संपते, पुन्हा लावली की हीच ओळ पुन्हा चालवावी लागते. एम्युलेटरही सुरू असेल तर 'मोअर दॅन वन डिव्हाइस' अशी तक्रार येईल. 'एडीबी डिव्हाइसेस'मधून फोनचा सिरीयल घ्या आणि '-एस'च्या पुढे द्या. 'अनऑथराइज्ड' दिसले तर फोन अनलॉक करून परवानगी द्या. यादी रिकामीच असेल तर केबल बदला, काही केबलमधून नुसते चार्जिंग होते.

हिंगणा_हॉस्टेल
एआरपीच्या यादीत फोन नव्हता. रिव्हर्सने चालले, धन्यवाद! आता गाइडना दाखवायला रिलीज एपीके (ॲप इन्स्टॉल करायची अंतिम फाइल) केले, त्यात परत तोच 'फेल्ड'.

बर्डी_बॅकएंड
एपीकेमध्ये लोकलहोस्टच गेला असेल. केबल नाही म्हटल्यावर फोन स्वतःमध्येच सर्व्हर शोधतो. तो पत्ता बदलला तरी पुढे दुसरी अडचण आहे: अँड्रॉइड ९ पासून साधे एचटीटीपी मुळातच बंद आहे. डीबग बिल्डमध्ये रिॲक्ट नेटिव्हच्या टेम्प्लेटने सूट दिलेली असते, रिलीजमध्ये नसते. लॉगकॅटमध्ये (फोनच्या नोंदींमध्ये) 'क्लिअरटेक्स्ट' (म्हणजे साधे एचटीटीपी) शब्द शोधा, लगेच कळेल.

मुख्य मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) क्लिअरटेक्स्ट सरसकट चालू करू नका, ती ओळ तशीच प्ले स्टोअरपर्यंत जाते. डेमोसाठी वेगळा बिल्ड टाइप करा आणि त्याच्या नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगमध्ये फक्त त्या एका आयपीला सूट द्या. तिथे आयपीची रेंज देता येत नाही, आयपी बदलला की फाइलही बदलायची.

डेमोला हॉस्टेलचे वाय-फाय नकोच. ज्या फोनवर ॲप आहे त्याचाच हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्याला जोडा, आयपीकॉन्फिगमधून नवा आयपी घ्या, अलाउड होस्ट्समध्येही घाला. विंडोज हे नवे नेटवर्क 'पब्लिक' धरेल, ते 'प्रायव्हेट' करा, नाहीतर वर केलेला रूल लागू होणार नाही. सोबत 'मीटर्ड' (डेटा जपून वापरायची सेटिंग) चालू करा, ऐन डेमोच्या वेळी विंडोज अपडेटने फोनचा डेटा संपवायला नको. हॉटस्पॉट बंद-चालू केला की आयपी बदलू शकतो, म्हणून एपीके बनवल्यापासून डेमो संपेपर्यंत तो बंद करू नका. फोन चार्जरवर ठेवा.