मदत हवी आहे: भंडाऱ्यात २२ जण उतरवायचे आहेत, गमबूट की साधे बूट?

करवीरचाल: शनिवारी निघतोय. आमच्या वॉकचे २२ जण, आतून पाण्यातून चालवत न्यायचंय. गमबूट घेऊ की साधे बूट? हेल्मेट कोल्हापुरात कुठं मिळतील? एका खेपेला किती जण सोडू? लवकर सांगा, आजच ऑर्डर टाकायची आहे.

तालीमवाला: पट्टणकोडोलीच्या भंडाऱ्याला गमबूट? हळद उधळत्यात तिथं भावा.

खापरी_नळ: कुठलं गाव? पाणी घोट्याला की गुडघ्याला? माणसांची वयं काय? हे न सांगता बूट कसे सुचवायचे?

करवीरचाल: बुऱ्हाणपूर, अजून कुठलं! कुंडी भंडारा, जमिनीखालचा पाण्याचा जुना बोगदा. वयं ३० ते ६८. रविवारी रात्री परत.

खापरी_नळ: रविवारी रात्री परत विसरा. महाराष्ट्र एक्सप्रेस दुपारी सुटते, भुसावळला दुसरा दिवस उजाडतो, तिथून बुऱ्हाणपूरची गाडी वेगळी. शुक्रवारी निघा, सोमवारी घरी परत पोचाल.
गमबूट नकोत. पाणी काठावरून आत गेलं की बुटाची बादली होते, पाऊल उचलत नाही. घोट्याच्या वर बांधायचे, तळाला खोल खाचा असलेले आणि आतलं पाणी बाहेर सोडणारे बूट घ्या. तळाला चुन्याचा थर असतो, सपाट तळवा सटकतो. मोजे सुती नकोत, ओले झाले की पाय सोलतात. दिवा कपाळाला बांधायचा, म्हणजे हात मोकळे. मोबाईलच्या उजेडावर भिस्त नको.
सहा जणांपेक्षा जास्त सोडू नका, एक वाटाड्या पुढे, एक मागे. म्हणजे चार खेपा. साधारण ८० फूट खाली लिफ्टनं जायचं असतं. ती चालू आहे का हे निघायच्या आधी विचारा. बंद असेल तर ६८ वर्षांच्या माणसाला कसं उतरवणार?

बंधारा: १६१५ च्या सुमाराचं काम, मुघल सरदार अब्दुल रहीम खानखानाच्या वेळचं, आखणी तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराची. सातपुड्यातून तापीकडं झिरपणारं पाणी कुंड्या, म्हणजे उभ्या विहिरी, खणून आडव्या बोगद्यानं जोडलं. सगळं उतारावर. उतार जादा झाला तर पाणी तळ खरवडतं, कमी पडला तर गाळ बसतो. खरी कारागिरी तिथं आहे, लोक मात्र लिफ्टचे फोटो काढतात.

तालीमवाला: बुटाचं विचारलंय त्यानं. आणि हवेचं काय? कंदील न्या. विझला की बाहेर.

वायुमापक: कंदिलावर विसंबू नका. ज्योत ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास आल्यावर विझते. कामगारांना १९.५ च्या खालीच आत सोडत नाहीत. दुसरं, भिंतीवर चुना साचतो म्हणजे पाण्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतोय. तो हवेच्या दीडपट जड, खाली साचतो. बाजारातला नेहमीचा चार वायूंचा मीटर ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड दाखवतो, कार्बन डायऑक्साइड नाही. तो ३ टक्के झाला तरी ऑक्सिजन २०.९ चा २०.३ होतो, मीटर गप्प. माणसाला मात्र धाप लागते, डोकं धरतं. याचा सेन्सर वेगळा मागा.

खापरी_नळ: कुंड्या वरून उघड्या आहेत, हवा खेळते. उगाच घाबरवू नका.

वायुमापक: उघड्या कुंडीखाली खेळते. जिथं वरून दगड-माती पडून कुंडी बुजली असेल, तिथं नाही. वाटाड्याला विचारा, कुठपर्यंत नेतो आणि पुढं का नेत नाही.

जोतिबा_रोड: एवढं लांब कशाला? विजापूरला तोरवीची सुरंग बावडी आहे. पन्हाळ्यावर तीन मजली अंधारबाव आहे. पुण्यात कात्रजचा पेशवेकालीन नळ.

बंधारा: अंधारबाव म्हणजे विहीर. त्यात चालणार कुठं?

जोतिबा_रोड: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या दिसतात. पंचगंगेतली सरस्वती गुप्त आहे, तिचा बोगदा आहे का कुठं?

तालीमवाला: सापडला तर पयले गमबूट आपले.

करवीरचाल: शुक्रवारचं बघतो. पण हेल्मेट कुठं, हे कुणीच सांगितलं नाही!

खापरी_नळ: उद्यमनगरात कारखान्यांना सुरक्षेचा माल देणारी दुकानं आहेत, तिथं विचारा. हनुवटीचा पट्टा हवाच, वाकलं की हेल्मेट पाण्यात पडतं. आणि आत साबण, गुटखा काही नेऊ देऊ नका, ते पाणी आजही वापरात आहे.

करवीरचाल: पट्ट्याचं भाड्यानं मिळतं का विकतच घ्यावं लागतं?

तालीमवाला: भुसावळला उतरताय तर येताना भरिताची वांगी आणा.