घायपाताच्या वाखाची दावी घरी वळता येतील का?

माळरान (जत)
नमस्कार मंडळी. आमचं रान माळाचं, बांधाला आज्यानं लावलेली घायपात आहे. गोठ्यात दोन खिलार, एक गाय आणि तिची कालवड. नायलॉनच्या दाव्यानं कालवडीच्या मानेवरचे केस गेलेत, खाली कातडं लालभडक दिसतंय. बेंदराला नवी दावी लागणारच आहेत, तर ती घरच्या वाखाची, म्हणजे घायपाताच्या पानातल्या धाग्यांची, वळावीत असं मनात आहे. पानं कुजवायची की ठेचायची? मी वळून बघितलं तर हात सोडला की पीळ उलगडतो. आणि कालवडीला गाठ कोणती बरी?

नाना बार्शीकर
दादा, जरूर वळा. माझ्या गोठ्यात आजही नायलॉन नाही. जनावर हिसका मारतं तेव्हा नायलॉन कातडीवर सरकतो आणि भाजल्यासारखं करतो. आधी कालवडीचं ते दावं आजच सोडा, जखम चिघळली असेल तर डॉक्टरांना दाखवा.

पानं खालची, पूर्ण वाढलेली घ्या. शेंड्याची कोवळी नकोत, त्यांचा वाख तुटतो. टोकाचा आणि कडेचे काटे विळ्यानं काढा. मी कुजवत नाही, कापलं त्याच दिवशी ठेचतो, कारण पान सुकलं की गर वाखाला चिकटून बसतो. सपाट दगडावर लाकडी मोगरीनं ठेचायचं, मग खुरप्याच्या बोथट कडेनं बुडाकडून शेंड्याकडं खरवडायचं. हिरवा गर निघून पांढरे धागे उरतात. या रसानं अंगाला फार खाज सुटते, म्हणून अंगभर बाह्या घाला, हाताला खोबरेल चोळा. आणि हात जोडून सांगतो, हे ओढ्यात किंवा विहिरीत धुऊ नका. त्या रसानं मासे मरतात. बादलीत धुवा, पाणी लांब टाका, वाख उन्हात खडखडीत वाळवा. शंभर किलो पानांतून वाख चारेक किलोच निघतो, त्या हिशेबानं पानं कापा.

आता पीळ. उलगडतो कारण तुम्ही सगळा वाख एकाच दिशेनं पिळताय. पेड एका अंगाला पिळायचे आणि पेड एकमेकांवर चढवायचे ते उलट्या अंगाला. मग पेड सुटायला बघतो तसा दोर आवळतो, दोर सुटायला बघतो तसा पेड आवळतो. हातानं करायचं तर दोन पेड घ्या. उजव्या हातातला पेड अंगठ्यानं आपल्यापासून लांब पिळा, पीळ न सोडता तो दुसऱ्या पेडावरून आपल्याकडं घ्या. आता दुसरा पेड उजव्या हातात येतो, त्यालाही तेच. पेड बारीक व्हायच्या आधी नवा वाख भरा, पण दोन्ही पेडांना एकाच जागी भर नको, दोर तिथंच तुटतो.

दाव्याला मात्र तीन पेड हवेत आणि हाताखाली दोन माणसं. तिन्ही पेड सारखे ताणलेले पाहिजेत, एक जरी ढिला राहिला तरी सगळा भार उरलेल्या दोघांवर येतो. पिळताना लांबी एक तृतीयांशानं आखडते, म्हणून सहा फुटी दाव्याला पेड नऊ फुटांचे धरा.

एक सांगायचं राहिलं. घायपाताचा वाख खरबरीत असतो. कालवडीच्या मानेला लागेल तेवढ्या भागावर जुन्या सुती लुगड्याची पट्टी घट्ट गुंडाळून शिवा. मानेला खरी मऊ अंबाडीच. पाऊस पडला की बांधाकडेनं अंबाडीच्या दोन तासा टाका, आधी भाजी खा, फुलावर आली की कापून पेंढ्या पाण्यात कुजवा. पुढच्या बेंदराला वाख तयार.

पाणंद
गाठीबद्दल लिहिते. मानेत सरफास कधीच नको, जनावर ओढेल तसा तो आवळत जातो. दोराला छोटा वेढा द्या, मोकळं टोक खालून वेढ्यात घाला, उभ्या दोराच्या मागून फिरवा आणि त्याच वेढ्यातून परत खाली काढून ओढा. हा फास सरकत नाही आणि सोडायलाही सोपा. खुंट्याला निरगाठ मारू नका. वाखाचा दोर भिजला की फुगतो, निरगाठ बोटांनी सुटत नाही. खुंट्याला सुरगाठ ठेवा. गोठ्यात आग लागली, जनावराचा पाय अडकला, तर एका हिसक्यात सुटली पाहिजे.

खाडीकाठ (मालवण)
आमच्याकडे हे काम काथ्याचा सुंभ करतो. नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात कित्येक महिने मुरवतात, मग बडवून काथ्या काढतात. मांडव, कुंपण, जिथं दोर सतत भिजतो तिथं सुंभच टिकतो. मानेला मात्र तो फार बोचतो.

माळरान (जत)
नाना, ताई, दोघांचे आभार. आज दोन पेडांची वीतभर दोरी वळली, हात सोडला तरी उलगडली नाही! विहिरीतला गाळ काढायचा आहे, त्यासाठी असाच जाड दोर वळला तर चालेल का?

नाना बार्शीकर
गाळाच्या पाटीला चालेल. माणूस उतरवायला अजिबात नाही, त्याला भार लिहिलेला विकतचा नवा दोरच घ्या. पाटीचा दोरही रोज वापरायच्या आधी हातातून पूर्ण सरकवून बघा, पेड उलगडून आत काळपट किंवा भुसभुशीत दिसला तर तेवढा तुकडा कापून टाका. काम झालं की वाळवून आढ्याला टांगा, ओल्या जमिनीवर ठेवू नका.

आणि जमलं तर गावातल्या मातंग वस्तीत एखाद्या जुन्या कारागिराकडे जाऊन बसा. गावगाड्यात दोर-चऱ्हाटं पुरवायचं काम त्याच घरांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं, तीन पेडी ताण कसा धरायचा ते त्यांच्या हाताला माहीत आहे. शिकवण्याची मजुरी आधी ठरवून द्या.