एसीचा वारा मध्येच काचेवर जायलाय, मदत हवी आहे

टिळकवाडीकर: एसी थंड आहे, गॅस भरून झाला, मेकॅनिक आता कॉम्प्रेसर बदला म्हणायलाय. मधल्या जाळीतनं वारा बंद होतो, सगळा पुढच्या काचेवर, थोड्या वेळानं आपोआप परत. लवकर सांगा, रविवारी गोव्याला जायचंय.

शहापूरचा_भाऊ: गॅस लीक आहे बघा. आमच्या ओमनीला असंच झालेलं.

उद्यमबाग_लेथ: थंड येतंय म्हणालेत की ओ ते, गॅसचा काय संबंध! गाडी कुठली, पेट्रोल का डिझेल, नेमकं कधी होतं?

टिळकवाडीकर: मर्सिडीज. चढाला.

उद्यमबाग_लेथ: अहो मॉडेल?

टिळकवाडीकर: जुनी डब्ल्यू १२४, ई २२० पेट्रोल. चोर्ल्याच्या घाटात ॲक्सिलेटर दाबला की काचेवर, पाय काढला की मध्ये.

निपाणी_केए२३: १९९५ पासनं पुण्यात टेल्कोच्या आवारात जोडायचे तीच ना (टेल्को म्हणजे आताची टाटा मोटर्स)? आरसी रिन्यू केलाय काय?

उद्यमबाग_लेथ: मग व्हॅक्यूम लीक, म्हणजे इंजिन हवा ओढतं ती ओढ कुठंतरी गळायलीय. ह्यात वाऱ्याच्या झडपा इंजिनच्या व्हॅक्यूमवर हलतात, तो पडला की स्प्रिंग त्यांना काचेकडं नेते, म्हणजे बिघाड झाला तरी काचेवर धुकं धरत नाही. ॲक्सिलेटर दाबून थ्रॉटल उघडला की मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात हवा जायच्या वाटेतला, व्हॅक्यूम पडतोच, तेवढ्यापुरता आतला टिकवायला चेक व्हॉल्व असतो. तो काढून तोंडानं फुंकून बघा, एकाच बाजूनं हवा जायला पाहिजे.

खानापूर_डिझेलवाला: व्हॉल्व कुठला जातोय, डॅशमागचे झडपा हलवणारे रबरी पडदे, डायफ्राम, फाटतात. सरळ डॅश उघडा, माझ्या गाडीत तेच निघालं.

उद्यमबाग_लेथ: तुमची डिझेल, तिला वेगळा व्हॅक्यूम पंप. डायफ्राम पार फाटला असता तर सपाटीला पण वारा मध्ये आला नसता. बारीक भेग असू शकते, पण डॅश सगळ्यात शेवटी. आधी व्हॅक्यूमचा हातपंप लावून एकेका नळीत काट्यावर १५ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम ओढा, काटा थांबला तर ती नळी बरी, घसरला तर तिथंच गळतंय.

खानापूर_डिझेलवाला: एवढं कशाला? चालू इंजिनच्या नळ्यांवर कार्ब क्लीनरचा फवारा मारा, आयडल (उभ्या गाडीत इंजिनचा वेग) बदललं की गळती सापडली.

उद्यमबाग_लेथ: तापलेल्या इंजिनवर पेटणारी चीज मारायला सांगू नका हो! आणि डॅशच्या आतली गळती त्यानं कळणार पण नाही.

कोल्हापूर_एमएच०९: ब्रेक पेडल घट्ट लागतंय काय? ब्रेकला जोर देणारा बूस्टर पण व्हॅक्यूमवरच चालतो. तसं असलं तर घाटात जाऊच नका.

टिळकवाडीकर: ब्रेक नीट आहे. व्हॉल्व काढला, दोन्हीकडनं आरपार वारा. बेळगावात मिळंल का?

कोल्हापूर_एमएच०९: जुना असंल तसाच वापरू नका, नळीच्या मापाचा नवीनच घ्या.

उद्यमबाग_लेथ: आणि काढलेला कसा बसलेला ते बघून ठेवा. उलटा बसला तर व्हॅक्यूम आत पोचणारच नाही.

निपाणी_केए२३: विकणार असाल तर सांगा.